पोटखराबात घातलेली शिलावर्तुळं

प्रति,
महासंचालक, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये, महाराष्ट्र शासन, मुंबई
जिल्हाधिकारी, नागपूर
आणि ज्यांच्या वावरात गोल मांडलेले गोटे आहेत ते सगळे शेतकरी

विषय: विदर्भातील बृहदश्मयुगीन शिलावर्तुळांची (मोठ्या शिळांचे कडे असलेल्या प्राचीन दफनांची) जमिनीच्या अभिलेखात नोंद नसणे.
संदर्भ: नाही. तो असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

महोदय,

माझी सगळी नोकरी भूकरमापकाची. साखळी ओढत सुरुवात केली, उपग्रहावरून हद्द दाखवणारी यंत्रं येईपर्यंत टिकलो आणि निवृत्त झालो. पुरातत्त्वाचं शिक्षण नाही. तरी या विषयावर बोलण्याचा मला हक्क आहे, कारण एक शिलावर्तुळ मी स्वतः कागदावरून पुसलेलं आहे.

साल १९९१. काटोल रस्त्याच्या बाजूचं एक गाव. दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. वावराचा वरचा कोपरा बरड, मुरमाड, आणि तिथे काळ्या दगडांचं एक गोल. मी दगड मोजले, चोवीस भरले. सगळ्यांत मोठा दगड कमरेएवढा, माथा सपाट. त्याच्याशेजारी मोजणीचं प्लेन टेबल मांडलं, त्याच्यावर डबा ठेवून दुपारी जेवलो. म्हाताऱ्या मालकाला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "गवळ्यायचं होय ते. आमी नाही हात लावत." मी टिपणात तेवढा तुकडा 'खडक' म्हणून दाखवला आणि क्षेत्र पोटखराब, म्हणजे लागवडीला न धरलेली जमीन, यातल्या वर्ग अ मध्ये टाकलं. दोन आर, म्हणजे दोनशे चौरस मीटर. दुसरं काय लिहिणार? माझ्याजवळच्या कुठल्याच नमुन्यात त्या गोलासाठी रकाना नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नानिमित्त त्या बाजूला गेलो तेव्हा वाट वाकडी करून ते वावर पाहायला गेलो. तिथे आता ले-आउट आहे. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट, 'फक्त थोडेच प्लॉट शिल्लक' असा फलक. दगडांपैकी काही प्रवेशद्वाराच्या कडेला शोभेसाठी रचून त्यांना पांढरा रंग दिलेला. माझ्या जेवणाचा दगड त्यांत होता. माथ्यावरच्या वाटीसारख्या खळग्यांवरून ओळखला. १९९१ साली त्या खळग्यांत मी मीठ ठेवलं होतं.

ले-आउटवाल्याला दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही. त्याने माझाच नकाशा पाहिला असणार. त्यात लिहिलं होतं, खडक.

त्या खळग्यांना पुरातत्त्वात 'कप-मार्क' म्हणतात, हे मला निवृत्तीनंतर वाचून कळलं. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या वर्तुळांतल्या कित्येक दगडांवर तसेच कोरलेले खळगे आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथली काही वर्तुळं उकरून १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात माहिती छापली, तीत हे खळगेही नोंदले होते. स्कॉटलंडात असे खळगे आहेत, हे त्याला ठाऊक होतं. ज्या जिल्ह्यात मी चाळीस वर्षं मोजणी केली, त्यातली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

आपल्याला हे सगळं माहीत आहेच. पण हे पत्र इतर लोकही वाचणार आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. ही वर्तुळं म्हणजे दफनं. साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. मेलेल्या माणसाचे अवशेष, त्याची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी खाली ठेवायच्या, वर माती, मुरूम आणि दगडगोट्यांचा थर द्यायचा आणि भोवती मोठमोठ्या शिळांचं कडं करायचं. एकट्या जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदली गेली आहेत. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथली तीन उकरली, त्यांत घोड्याच्या जातीच्या जनावराचेही अवशेष होते. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरीला खणलं. माहुरझरीत घोड्याच्या डोक्याचा तांब्याच्या पत्र्याचा साज निघाला, आणि रंगीत दगडांचे मणी तर इतके, की तिथे मण्यांचा धंदाच होता असं अभ्यासक म्हणतात. पुढे देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे ही माणसं घोडा पाळणारी, लोखंड गाळणारी, मणी घडवून विकणारी होती. शाळेच्या पुस्तकात 'विदर्भाचा इतिहास' वाकाटकांपासून सुरू होतो, त्याच्या हजारेक वर्षं आधीचे हे लोक. त्यांनी लिहिलेलं काही नाही. जे सांगायचं ते दगडात मांडून गेले.

हिस्लॉप कॉलेज नागपुरात कोणाला माहीत नाही? पण ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप गेले कसे, हे विचारून पाहा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्याच साली नागपुरात अजब बंगला, म्हणजे सरकारी वस्तुसंग्रहालय, सुरू झालं. त्यामुळे हे दगड कोणालाच ठाऊक नव्हते, असं म्हणायची सोय राहिलेली नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ सरकारला ते ठाऊक आहेत.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी अशी की आपले दोन कायदे एकमेकांना ओळखत नाहीत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 'प्राचीन स्मारक' म्हणजे काय ते दिलंय. त्यात इमारत आहे, गुहा आहे, शिलालेख आहे, आणि स्पष्ट शब्दांत दफनाचा ढिगारा किंवा दफनाची जागाही आहे. वय किमान शंभर वर्षं हवं. आमच्या महसूल खात्याच्या नियमांत पोटखराबाचे दोन वर्ग आहेत. वर्ग अ म्हणजे खडकाळ, नापेर. वर्ग ब म्हणजे रस्ता, नाला, तलाव अशा सार्वजनिक कामाची जागा, आणि त्यातच दफनभूमी किंवा दहनभूमीही येते. म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या दफनाला दिल्लीचा कायदा स्मारक म्हणतो आणि मुंबईचा नियम सार्वजनिक जागा. तलाठ्याच्या दप्तरात मात्र ते वर्ग अ मध्ये पडून राहतं, कारण तिथे काय आहे हे मोजणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि वर्ग अ ची जमीन सुधारून लागवडीखाली आणायची व तशी नोंद करून घ्यायची वाट शासनाने काही वर्षांपूर्वी मोकळी केली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो निर्णय चांगलाच आहे. पण त्या वाटेने जेसीबी गोलापर्यंत पोहोचतो, आणि अडवायला कागदावर एक शब्द नसतो.

दुसरी तक्रार मुरमाची. या लोकांनी मेलेल्यांसाठी सुपीक काळी जमीन वापरली नाही. पाण्याजवळचं, पण बरड टेकाड निवडलं. नांगर तिकडे फिरकला नाही म्हणून वर्तुळं टिकली. आज नेमक्या त्याच टेकाडांना भाव आहे. रस्त्याच्या भरावाला मुरूम तिथला, गिट्टीची खदान तिथली, पायाभरणी स्वस्त पडते म्हणून ले-आउटही तिथेच. चोरून मुरूम काढला तर तहसीलदार ब्रासवर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) हिशेब करून बाजारभावाच्या पाचपट दंड लावू शकतात. असा पंचनामा मी जवळून पाहिला आहे. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, गुणाकार, ब्रास. खड्ड्याच्या कडेला खापरं पडली होती, काळी-तांबडी, आतून चकचकीत. पंचनाम्यात मुरूम आला, खापरं आली नाहीत. वर्तुळाच्या पोटात अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी माणसांनी टोपल्यांनी भरलेला मुरूम त्या दिवशी गौण खनिज म्हणून मोजला गेला.

तिसरी तक्रार शेतकऱ्याच्या बाजूने आहे, आणि ती आपल्याला आवडणार नाही. स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून संरक्षित झालं की २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर विनियमित. हे अंतर लाल किल्ल्यालाही तेवढंच आणि दोन आरच्या गोलालाही तेवढंच. मोजणारा माणूस असल्याने हिशेब करून पाहिला. सोळा मीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे दोन आर, ले-आउटच्या भाषेत दीडेक प्लॉट. त्याच्या काठापासून १०० मीटर धरले की सुमारे नऊ एकरांत बांधकाम बंद. ३०० मीटर धरले की जवळपास चौऱ्याहत्तर एकरांत परवानगीचं लचांड. विदर्भातल्या सामान्य शेतकऱ्याचं अख्खं वावर त्यात जातं, शेजाऱ्यांचीही जातात. शेती करायला त्या पट्ट्यात बंदी नाही, बंदी बांधकामाला आहे, हे त्याला कोणी समजावत नाही. त्याच्यापर्यंत फक्त "पुरातत्त्ववाले आले की जमीन गेली" एवढंच पोहोचतं. मग मोजणी यायच्या आत तो रात्रीतून गोटे धुऱ्यावर लोटतो. मला तो गुन्हेगार वाटत नाही. ज्याच्या बापजाद्यांनी पिढ्यानपिढ्या गवळ्यांचं म्हणून हात लावला नाही, त्याला आपल्या कायद्याच्या भीतीने तो हात लावावासा वाटतो, याचा विचार आपण करायला हवा.

चौथी तक्रार फलकांची. संरक्षित जागी निळा फलक असतो. काय केलं तर किती शिक्षा होईल ते तो सांगतो: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हे आहे काय, ते मात्र सांगत नाही. जवळच्या शाळेतलं पोर तिथे उभं राहिलं तर त्याला फक्त कोणीतरी रागावतंय एवढं कळतं. यावर जास्त लिहीत नाही, खर्चाचा प्रश्नच नाही.

पाचवी तक्रार 'सापडत नाही' या शब्दांची. २०१३ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी सांगितलं की केंद्राच्या संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर नाहीत. नंतर शोधाशोध होऊन ४२ सापडली. उरलेल्या पन्नासांपैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही. मार्च २०२४ मध्ये अठरा स्मारकं यादीतून काढायचं ठरलं, कारण ती राष्ट्रीय महत्त्वाची उरली नाहीत. त्यात एक कोसमिनार, म्हणजे जुन्या रस्त्यावरचा अंतर दाखवणारा मनोरा होता, एका गोऱ्या सैनिकाची कबर होती. मिनार उभा असतो, कबरीवर नाव असतं, तरी हरवतात. आमच्या वर्तुळाला ना भिंत, ना दार, ना नाव. चोवीस दगडांतले सहा गेले तर उरलेल्या अठरांचं गोल कोणाला दिसेल? बारा गेले की ते नुसते गोटे. स्मारक सापडत नाही असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: गट क्रमांक काय? हद्दीच्या खुणा कुठे रोवल्या? मोजणी नकाशाची क-प्रत कोणाकडे आहे? आमच्या धंद्यात जमीन हरवत नाही. हरवतो तो कागद, किंवा मुळात केलेलाच नसतो.

दुसरीकडे काय चाललंय, हेही बोलायला हवं. कर्नाटकातल्या हिरेबेनकलच्या महापाषाण स्थळाचं नाव २०२१ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. आपले मराठा किल्लेही त्याच साली त्या यादीत गेले होते, आणि ते २०२५ मध्ये जागतिक वारसा झाले. २०२५ मध्येच तेलंगणातल्या मुदुमलच्या उभ्या शिळाही तात्पुरत्या यादीत आल्या. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून आहेत. मला हेवा वाटत नाही, खोटं कशाला बोलू, थोडा वाटतो. पण युनेस्को मी मागत नाही. आधी सातबारा मागतो. आमच्याच गावची मुलं इंग्लंडात जाऊन स्टोनहेंजसमोर फोटो काढून पाठवतात, आणि त्यांच्या आजोबांच्या शिवारातल्या गोलात बैलबंडी वळवून लावलेली असते. त्या मुलांनाही दोष नाही. स्टोनहेंज ब्रिटनच्या १८८२ च्या पहिल्या स्मारक कायद्याच्या यादीतच होतं. आमचं पोटखराबात आहे.

मागण्या साध्या आहेत. त्यातल्या बहुतेकांना नवा कायदा लागत नाही.

एक. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत पुरातत्त्व खात्यांनी आणि विद्यापीठांनी आजवर नोंदलेल्या प्रत्येक वर्तुळाची भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या. दोन खात्यांची माणसं एकाच दिवशी, एकाच वावरात उभी राहिली पाहिजेत. पुरातत्त्वाचा माणूस दगड दाखवील, भूकरमापक तो नकाशावर घेईल. ड्रोनने गावठाणं मोजून झाली, मग टेकाडंही मोजता येतील. उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात गवतात निम्मे दगड दिसत नाहीत.

दोन. त्या क्षेत्राची पोटखराब वर्ग ब म्हणून दुरुस्ती करा, आणि गाव नमुना सातच्या 'इतर अधिकार' रकान्यात 'शिलावर्तुळ, प्राचीन दफनस्थळ' एवढे शब्द लिहा. या एका ओळीने जमीन कोणाची जात नाही. पण खरेदीखत होताना घेणाऱ्याला ती दिसेल, ले-आउटच्या मंजुरीच्या वेळी दिसेल, बँकेला दिसेल. हे पत्र या ओळीसाठी लिहिलं आहे. बाकी काहीच जमलं नाही तरी हे करा.

तीन. नागपूर महानगर क्षेत्राच्या विकास आराखड्यात ही क्षेत्रं दाखवा. ले-आउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. जिथे वर्तुळ आहे तिथेच ती सोडायला सांगा. बिल्डरचं नुकसान नाही, उलट फलकावर लिहायला त्याला काहीतरी खरं मिळेल.

चार. मुरूम आणि दगडाचा परवाना देण्याआधी त्या गटात वर्तुळ नाही, असा जागेवर जाऊन दिलेला दाखला घ्या. टेबलावर बसून दिलेला नको.

पाच. शेतकऱ्याशी करार करा. १९५८ च्या कायद्यातच मालकाशी करार करून स्मारक जपायची तरतूद आहे, जागा विकत किंवा भाडेपट्ट्याने घ्यायचीही आहे. दोन आरचं वार्षिक भाडं आणि दगडाला हात न लावल्याबद्दल मोबदला, यात सरकारचं किती जाणार? आणि छोट्या, सुट्या वर्तुळांसाठी १०० आणि ३०० मीटरच्या मापाचा फेरविचार करून ते अंतर जागा पाहून ठरवा. हे म्हणालो म्हणून काही अभ्यासक माझ्यावर चिडतील. चिडू द्या. नऊ एकरांच्या भीतीने दोन आर रोज जाताहेत.

सहा. राज्याचा १९६० चा स्मारक कायदा आहे. जी वर्तुळं केंद्राला राष्ट्रीय महत्त्वाची वाटत नाहीत, ती राज्याने घ्यावीत. फाइल एकमेकांकडे ढकलू नये.

सात. तलाठी, भूकरमापक, पोलीस पाटील यांना एक दिवसाचं प्रशिक्षण. वर्गात नको, जुनापाणीला घेऊन जा. सकाळच्या तिरप्या उन्हात गोल कसं ओळखायचं, खळगे कसे दिसतात, काळी-तांबडी खापरं कशी असतात, एवढं दाखवा. १९९१ साली मला कोणी एवढं दाखवलं असतं तर आज हे पत्र नसतं.

उत्तर कोणत्या खात्याकडून येईल, ते मला माहीत नाही. निवृत्तीनंतर मी हेच तोंडी सांगायला एका कार्यालयात गेलो होतो, तिथे अर्जावर शिक्का मारून मला दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता दिला गेला. दुसरीकडे पहिल्याचा. दोन्हीकडची माणसं सौजन्याने वागली, चहासुद्धा पाजला. तेव्हा यावेळी तिघांना एकत्रच लिहितो आहे. तिघांनी एक तारीख ठरवावी आणि मला कळवावं, मी स्वखर्चाने येईन. गुडघे अजून चालतात.

एक खुलासा. गेल्या दोन वर्षांत पायी फिरून एका शिवारातली सात वर्तुळं मी टेप लावून मोजली आहेत. दगडांची संख्या, व्यास, पडलेले आणि उभे दगड, सगळं टिपणात आहे. ते टिपण आणि हाताने काढलेला नकाशा आपल्या तिन्ही कार्यालयांना रजिस्टर पोस्टाने स्वतंत्र पाठवला आहे. गट क्रमांक इथे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण गुप्तधनाच्या नादाने रात्री कुदळ घेऊन फिरणारेही वाचतात. नकाशावर सातही गोल शाईने काढलेले आहेत. आठवा पेन्सिलीने आहे. तो आता जागेवर नाही, पण १९९१ ची मापं माझ्याजवळ आहेत, आणि त्याच्यापुढे मी लिहिलेला 'खडक' हा शब्द खोडला आहे. दुरुस्तीखाली सही माझी आहे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
नागपूर जिल्हा